घोडनदीत हरवलेली सवत

सुटीसाठी वाळूच्या किनाऱ्यावर जाणारी माणसं अलिबागला जातात, गणपतीपुळ्याला जातात, खिसा बरा असेल तर गोव्याला जातात. मी दौंडला गेलो. दौंडला समुद्र नाही हे मला शाळेपासून ठाऊक आहे, तेव्हा हसू नका. आधी ऐका.

माझा जावई मस्कतला असतो. तिथे हौशी लोक सुटीच्या दिवशी समुद्रावर जातात आणि एका लांब दांड्याच्या यंत्राने वाळू चाचपत फिरतात. दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती असते, खाली धातू आला की यंत्र टुंई करतं. कोणाला अंगठी सापडते, कोणाला नाणी. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पाठोपाठ विमल, माझी बायको, गेली. त्यानंतर घरात बसून बसून माझं काय होत चाललंय हे लेकीने फोनवरच ओळखलं असावं, कारण पुढच्या खेपेला जावयाने ते यंत्र माझ्यासाठी आणलं. "बाबा, कोकणात जा. समुद्रावर फिरा आणि काय सापडलं ते आम्हाला सांगा," असं लेक म्हणाली. तिचा फोन दर रविवारी यायचा आणि 'जेवलात का' आणि 'तिकडे उकडतंय का' याच्या पुढे जायचा नाही. दोघांनाही सांगण्यासारखं काही नसायचं. तेव्हा एखादं गंजकं नाणं का होईना, पण सापडावं एवढीच माझी हाव होती. पुढे या प्रवासात एक वस्तू मी खरोखर जीव तोडून शोधली. ती मात्र माझी नव्हती.

कोकणाचं म्हणाल तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. बरोबर येणारा सोबती निघायच्या आदल्या दिवशी जिन्यावरून घसरला. समुद्राकाठच्या घरमालकाने माझी खोली एका वऱ्हाडाला देऊन टाकली. पिशवी भरलेली होती, ती पुन्हा रिकामी करायचं जिवावर आलं. तेव्हा मला कंपनीतला गव्हाणे आठवला. हा मूळचा दौंडचा, वर्षानुवर्षं डबा खाताना सांगायचा, "भीमेची वाळू बघा एकदा. उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं, कोकण विसराल." म्हटलं, समुद्र नाही तर नदी. वाळूला काय, ती दोन्हीकडे सारखीच.

दौंड

स्टेशनजवळच्या लॉजवर गल्ल्यावरच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकटेच?"

"एकटाच."

"काम काय काढलंत?"

"सुटीला आलोय."

त्याने पेन खाली ठेवलं. "दौंडला?" असं विचारून तो आतल्या माणसाला बोलवायला गेला. एकट्या माणसाला लॉजवर खोली मिळणं किती अवघड असतं हे एकटं होईपर्यंत कळत नाही. विमल बरोबर असताना आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं.

भीमेवर रेल्वेचा पूल आहे. गाडी पुलावर आली की आपले लोक खिडकीतून नाणं टाकतात आणि हात जोडतात. विमलही टाकायची. चाकांचा आवाज बदलला की ती झोपेतून उठून पर्स चाचपायची. त्यामुळे पुलाखालच्या वाळूत नाण्यांचा खच असणार, असं माझं गणित होतं. गणित बरोबर असेलही, पण तिथे वाळूच नव्हती. गव्हाण्याची ती प्रसिद्ध वाळू ट्रकांत बसून पुण्याला गेली होती, कदाचित माझ्याच सोसायटीच्या भिंतीत. पात्रात घर बुडेल एवढाले खड्डे, त्यांच्यात हिरवं पाणी, मधे वेड्या बाभळी आणि पलीकडच्या काठाला उरलीसुरली वाळू भरणारे ट्रक.

मी कानाला हेडफोन लावून चकती फिरवायला लागलो तोच पलीकडे पळापळ झाली. फावडी टाकून माणसं काठावर चढली, एक ट्रक अर्धाच भरून निघून गेला. एक उतारवयाचा हमाल तेवढा मागे राहिला. हात जोडून म्हणाला, "साहब, पावती सेठ के पास है. हम तो खाली भरते हैं."

"मैं साहब नहीं हूँ," मी म्हणालो. "छुट्टी पे आया हूँ."

त्याने माझं यंत्र पाहिलं, माझी टोपी पाहिली. "अकेले?" त्याच्या आवाजात दया होती. ती मला त्या उन्हापेक्षा जास्त लागली.

त्याच्यापासून दूर जावं म्हणून मी मागे सरलो आणि खड्ड्याची कड माझ्यासकट खाली गेली. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी यंत्र डोक्यावर धरलं, त्यामुळे ते वाचलं. हेडफोन मात्र गेले. त्या दिवसापासून माझं यंत्र सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोंबलायला लागलं. दिवसभराची कमाई म्हणजे रेल्वेचे लोखंडी खिळे आणि गुटख्याच्या पुड्या. पुडीला आतून चंदेरी कागद असतो, आणि त्या कागदाला माझं यंत्र सोन्याइतकाच मान देतं.

वरवंड

भीमेने हात दाखवल्यावर घोडनदी बघावी म्हणून शिरूरला निघालो. थेट गाडी चुकली, म्हणून हायवेने वरवंडला उतरून पुढच्या एसटीची वाट बघत टपरीवर चहा घेत बसलो. यंत्र बाकाला टेकवलं, बाक लोखंडी होता. यंत्राने अशी किंकाळी फोडली की चहावाल्याच्या हातातली गाळणी पडली.

शेजारी फेटेवाले एक आप्पा बसले होते. ते खुशीत आले. "पानी बगायचं मशीन व्हय?"

"नाही आप्पा. हे पाणी बघत नाही."

"आमच्या रानात नारळवाला पानाड्या येऊन ग्येला, लिंबाच्या काडीवाला येऊन ग्येला. मशीनवाला तेवढा ऱ्हायला हुता. चला, गाडी हाय माजी."

"अहो, हे फक्त धातू बघतं."

"मग बोरात केसिंग लोखंडाचंच आस्तंय की."

मी नाही म्हणतोय, ते चला म्हणतायत, अशा गडबडीत शिरूरची एसटी माझ्या डोळ्यांदेखत आली आणि गेली. आप्पा शेवटी रागावून उठले. जाताना म्हणाले, "पुन्याची मानसं. इद्या आसून उपेग न्हाई." खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर जावंसं मला फार वाटलं होतं. पाणी बिणी सोडा, पण कोणीतरी चला म्हणत होतं. ते गेल्यावर टपरीवर मी आणि चहावाला उरलो, आणि तो गाळणी धूत होता.

न्हावऱ्याच्या पुढे

पुढची एसटी मिळाली, तिने न्हावऱ्याला अंग टाकलं. कंडक्टर म्हणाला, डेपोतून दुसरी गाडी येईल. कधी ते त्यालाही माहीत नव्हतं. बाकीचे लोक आपापल्या ओळखीने मोटारसायकलींवर पांगले आणि मी झाडाखाली पिशवीवर बसून राहिलो.

कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक पस्तिशीतला माणूस गाडी थांबवून माझ्याकडे बघत होता. फर्स्ट शिफ्ट करून घरी चालला होता. नाव मारुती. "काका, आमच्या प्लँटमदी शिक्युरिटीवाल्यांकडं आसलंच मशीन हाय," तो म्हणाला. "ह्ये चांदी धरतं का?"

"धरतं."

"आन् लई बारीक आसली तर? पत्र्यावानी पातळ?"

"फार खोल नसेल तर धरेल."

त्याने माझी पिशवी उचलून टाकीवर ठेवली. "बसा. तुमाला माज्या आईकडं न्हेतो."

घोडनदीच्या काठावर त्यांची वस्ती आहे. चार-पाच घरं, उसाचा एक पट्टा, दोन जर्सी गाई. पूर्वी ही मंडळी मेंढरं घेऊन फिरायची, आता शेती आणि कंपनी. मारुतीची आई हिराबाई, सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणू लागलो. तिने आधी पाणी दिलं, मग कुठून निघालात विचारलं. मी कोकणचा बेत सांगितला.

"कोकनात आमी मेंढरं घिऊन जायाचो की," आक्का म्हणाली. "दिवाळी झाली की निगायचं. समिंदर बगितलाय म्या."

"कसा वाटला?"

"मेंढरं खारं पानी पीत न्हाईत. काय उपेग त्येचा?"

ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची काळ्या मसाल्याची आमटी आणि हाताने फोडलेला कांदा. समोर कोणी बसलेलं असताना जेवलो, त्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मी तिसरी भाकरी मागून घेतली. जेवण झाल्यावर मारुतीने काम सांगितलं.

देवाचे टाक बऱ्याच वाचकांना ठाऊक असतील. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची मूर्ती, अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. आक्काच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता, बिरोबा होता, देवी होती आणि सखू होती. सखू म्हणजे आक्काच्या नवऱ्याची पहिली बायको. ती तापाने गेली आणि तिच्या जागी आक्का दुसरेपणावर आली. त्यांच्यात अशी रीत आहे की दुसरीने पहिलीला टाकात बसवायचं आणि जन्मभर तिचा मान ठेवायचा.

"तिला म्या कवा बगितली न्हाई," आक्का म्हणाली. "पर नवं लुगडं आलं की आदी तिच्या म्होरं ठिवायचं, मग नेसायचं. बांगड्या भरल्या की आदी तिला दावायच्या. ह्यो मारुती झाला तवा बारशाला तिच्या म्होरंच निजिवला. मालकांशी भांडान झालं की कुणाला सांगायचं? तिलाच. तिला ठावं हुतं की ती मानसं कशी हायती."

चैत्राच्या जत्रेआधी घरचे देव नदीवर नेऊन चिंच आणि राखेने उजळतात. या वर्षी मारुतीच्या बायकोने, शोभाने, ते काम केलं. घासून झाल्यावर चिंचेचा चोथा मुठीत दाबून तिने पाण्याच्या कडेला भिरकावला. घरी येऊन देव मांडले तर सखू नव्हती. झिजून झिजून टाक इतका पातळ झाला होता की तो चोथ्यालाच चिकटून गेला. वाळू उपसायला पत्र्याच्या डब्यापासून चाळणीपर्यंत सगळं लावून झालं होतं, टाक मिळाला नव्हता. जत्रेला देव्हारा अपुरा चालत नाही, म्हणून मारुतीने शिरूरच्या सोनाराकडे नवीन टाक करायला टाकला होता. नवीन बसवला की जुना संपला. एका माणसाचे दोन टाक एका देव्हाऱ्यात राहत नाहीत, मागाहून सापडला तरी तो पाण्यातच सोडायचा. जत्रा तोंडावर आली होती.

"बगा पाव्हणं," आक्का एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो. आप्पांना नाही म्हणाल्याचं मनात होतं, आणि मला इतक्या दिवसांत कोणी काही मागितलेलं नव्हतं.

शोभा मला नदीवर घेऊन गेली. पात्रात पाणी थोडं होतं, बाकी वाळू. ज्या धोंड्यावर बसून देव घासले तो तिने दाखवला आणि हात फिरवून चोथा कसा फेकला ते करून दाखवलं. "आत्या मला एका शब्दानं बोलल्या न्हाईत," ती सासूबद्दल म्हणाली. "बोलल्या आसत्या तर मला जेवान ग्येलं आसतं."

मी धोंड्यापासून सुरुवात केली. वीतभर सरकायचं, चकती फिरवायची, टुंई झालं की बसून उकरायचं. शोभा समोर बसून वाळू बोटांनी चाळायची. बाटलीचं बूच. गुटख्याची पुडी. गुटख्याची पुडी. फुटक्या बांगडीची तार. पुन्हा पुडी. वर ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे. दर टुंईला शोभा श्वास धरायची आणि मीही. एकदा वाळूतून काहीतरी पांढरं चमकलं आणि ती "आत्याऽ" म्हणून ओरडलीच. ते कुणाच्या तरी पायातलं जोडवं निघालं. एरवी मी त्याच्यासाठी उड्या मारल्या असत्या आणि रविवारी मस्कतला सांगितलं असतं. त्या वेळी मी ते धोंड्यावर ठेवून दिलं आणि पुढे सरकलो.

दिवस कलला तसा यंत्राचा आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. सेल संपला होता. त्याला लागतो चौकोनी सेल. वस्तीवरच्या दुकानात रेडिओचे जाडे सेल आणि बॅटरीचे सेल, चौकोनी कुठला असायला? विमल असती तर म्हणाली असती, निघताना जादाचा सेल घ्यायला काय झालं होतं. तिच्याशिवाय मला असं बोलणारं कोणी नाही, आणि त्याचीही आठवण होते.

शिरूर

दुसऱ्या दिवशी मारुतीची सुटी होती. आम्ही दोघं शिरूरला गेलो, मला सेल घ्यायचा होता आणि त्याला सोनाराकडून टाक. बाजारपेठेत एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सेल मिळाला. मी लगेच यंत्रात बसवून दुकानाच्या कुलुपावर वाजवून पाहिला, आणि आसपासच्या लोकांनी माना वळवल्या तरी मला लाज वाटली नाही.

सोनाराने कागदाची पुडी सोडून टाक मारुतीच्या तळहातावर ठेवला. नवा, कडक, डोळ्यांत जाईल असा पांढरा. बाईची मूर्ती, दोन हात, कपाळावर ठिपका. "आमच्याकडं समद्या बाया ह्याच साच्यात," सोनार म्हणाला. मारुतीने पुडी वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, आज जर घावला ना, तर ह्यो मी गुपचूप परत देतो. घरात काडणारच न्हाई." मग आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. मला आठवतं, गाडीवर बसून मी मनात त्या वाळूचे चौकोन पाडत होतो. कितीतरी दिवसांनी कामावर निघाल्यासारखं वाटत होतं.

वस्तीच्या वळणावरून नदी दिसते. मारुतीने गाडी तिथेच थांबवली.

नदी भरून वाहत होती. सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. खालच्या गावांची पिकं वाळत होती, लोकांची मागणी होती, त्यांचंही बरोबर होतं. गढूळ पाणी, त्यावर फेस आणि काटक्या. धोंडा दिसत नव्हता. शोभा काठावर उभी होती, आणि तिच्या पदराच्या टोकाला कालचं जोडवं बांधलेलं होतं. ते तेवढं तिने पाण्याआधी उचललं होतं.

पाणी उतरेपर्यंत जत्रा होऊन गेली असती. हे आम्हाला तिघांनाही कळत होतं, तरी मी पाण्याच्या कडेकडेने चकती धरून बराच वेळ चाललो. नवा सेल खणखणीत होता. एका ठिकाणी यंत्र वाजलं, गुटख्याची पुडी होती. मी ती पायाने पाण्यात ढकलली आणि माझ्या नशिबाला एक शिवी दिली. ती मस्कतवाल्या यंत्राला, गव्हाण्याला आणि एसटीलाही लागू होती.

आक्का ओट्यावर वाट बघत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "आत या. ऊन लागलंय तुमाला." आणि ताकाचा तांब्या पुढे केला. मला तिची क्षमा मागावीशी वाटली, पण कशाबद्दल ते सांगता येईना.

आक्काच्या घरी

मी निघतो म्हणालो तर मारुतीने पिशवी आत नेऊन ठेवली. टाक सकाळी बसवायचा होता, पाहुण्याने नैवेद्याआधी जायचं नसतं.

सकाळी सगळे अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसलो. मारुतीने पाट मांडला. नव्या टाकाला दुधाने आणि पाण्याने अंघोळ घातली, हळदीकुंकू लावलं, भंडारा उधळला. आता आक्काने तो उचलून जागेवर ठेवायचा. तिने उचलला, पण ठेवला नाही. तळहातावर घेऊन बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

"ही नवी हाय," आक्का म्हणाली. "हिला काय बी ठावं न्हाई. समदं पयल्यापासनं सांगाय लागंल."

मग तिने पदर सारखा केला, टाक तोंडासमोर धरला आणि आपल्या घरी नव्याने आलेल्या बाईशी बोलावं तशी बोलू लागली.

"म्या हिरा. तुज्या मागनं या घरात आले. तुजी जागा घितली, पर मान न्हाई घितला. ह्यो मारुती. माज्या पोटचा, पर तुजा बी म्हनायचा. कंपनीत हाय. ही त्येची बायको शोभा. गुनाची हाय. हातनं कवा चूक झाली तर मनात धरू नगंस. म्या धरली न्हाई."

शोभाने पदर तोंडात कोंबला. त्या गोष्टीबद्दल आक्का तिच्यासमोर बोलली ती ही पहिली वेळ.

आक्काने माझ्याकडे मान वळवली. "पाव्हणं, तुमच्या मालकिणीचं नाव काय?"

"विमल," मी म्हणालो.

दोन वर्षांत ते नाव मी मोठ्याने घेतलंच नव्हतं. घरात हाक मारायला ती नाही, लेकीशी बोलताना ती 'आई' असते आणि बाकीच्या लोकांनी तिचा विषय काढणं सोडून दिलंय, मला त्रास होऊ नये म्हणून. पुण्यातल्या घरी तिचा फोटो आहे, हार आहे, मी रोज पुसतो. पण तिच्याशी बोलावं, घरात आज कोण आलं ते तिला सांगावं, हे मला कधी सुचलं नाही. आमच्यात तशी रीतच नाही.

आक्का टाकाकडे वळली.

"आन् ह्ये इमलचं मालक," ती म्हणाली. "पुन्यास्नं आल्यात. तुला हुडकाय उनात हुबं ऱ्हायलं."

मला रडू आवरलं नाही. इमलचं मालक. मी सगळ्यांच्या देखत, परक्या घरात, मांडी घालून बसल्या जागी रडलो. मारुतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आक्का माझ्यासाठी थांबली नाही, तिला अजून पुष्कळ सांगायचं होतं.

"तर माजं लगीन लागलं तवा," तिने सुरुवात केली, आणि आम्ही ऐकत बसलो.